वरून बरं, पण आतून?

मैत्रिणींनो, आरशात आपण दिवसातून दहा वेळा तोंड बघतो, पण पाठ? माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पाठीवर, ब्लाउजच्या गळ्याच्या जरा खाली, एक काळपट डाग होता. अंघोळीत खपली निघे, पुन्हा धरे. तुकडा काढून तपासला, तर बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कर्करोग! घरात रडारड. खरं तर हा कर्करोग शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो. जिथे असतो तिथेच मात्र हळूहळू पोखरत राहतो. जाऊबाईंचा अगदी वरवरचा होता, म्हणून डॉक्टरांनी कापाकापीऐवजी इमिक्विमॉड नावाचं मलम दिलं. आठवड्यातून पाच रात्री, असे सहा आठवडे. पाठीवर स्वतःचा हात पोचतो थोडाच? ते काम माझ्याकडे आलं. कातडी लाल झाली, चिघळली, खपल्या पडल्या आणि शेवटी छान गुळगुळीत झाली.

आमचा वाद सुरू झाला तो इथून. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावलंय आणि जाऊबाई म्हणतात, "अगं, सगळं साफ झालंय. आता कशाला गाडीभाड्याचा खर्च?"

कशाला ते सांगते. शस्त्रक्रियेत डागाबरोबर भोवतालची कडही कापून निघते. ती स्वच्छ आहे का, हे प्रयोगशाळेत बघता येतं. मलमानंतर तपासायला हातात काहीच उरत नाही. वर नवी कातडी आली, तरी खाली रोगट पेशींचं एखादं बेट राहू शकतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, हे मलम लावलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्णांचा डाग पाच वर्षांत उलटला नव्हता. जाऊबाई त्या ऐंशींत स्वतःला मोजून मोकळ्या झाल्या. मला मात्र उरलेले वीस दिसतात!

आमच्या डॉक्टरांकडे डर्मोस्कोप आहे, हातात मावणारं दिव्याचं भिंग. त्यातून फांद्या फुटल्यासारख्या रक्तवाहिन्या, निळसर-राखाडी ठिपके असं नुसत्या डोळ्यांना न दिसणारं दिसतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक. मंद लेसरच्या उजेडात, सुरी न लावता, कातडीतल्या पेशीच पडद्यावर दिसतात. मिलिंद राजाध्यक्ष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९५ साली दाखवून दिलं, की कातडीला रंग देणारं मेलॅनिन या यंत्रात लख्ख उजळतं. ज्या सावळेपणावरून आपल्याकडे मुली नाकारतात, तोच इथे उपयोगी! मात्र हे यंत्र साधारण पाव मिलिमीटरच आत बघू शकतं. ओसीटी नावाचं दुसरं यंत्र एक-दोन मिलिमीटर खोल जातं, पण त्यात पेशी तितक्या स्पष्ट दिसत नाहीत. शंका आलीच, तर शेवटी तुकडा काढावा लागतोच. पण शंका नसताना सुई टळते, हे काय कमी?

तोवर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्या जागेचा फोटो काढते, शेजारी मुलाची पट्टी धरून. येत्या शनिवारी माझ्या शाळेला सुट्टी आहे. एस.टी.ची दोन तिकिटं काढून ठेवली आहेत. जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही.