गणपतीला निघालेली गाडी आणि ८८.१

२२ ऑगस्ट २०१९, पुणे

गणपतीला गुहागरकडे जायचं ठरलं आणि गाडीतल्या गाण्यांचा प्रश्न पुन्हा वर आला. गाडी २००८ ची. तिच्यात रेडिओ आहे, सीडी प्लेअर आहे (तो सीडी आत घेतो, परत देत नाही), पण फोन जोडायला जागा नाही की पेन ड्राइव्हला खाच नाही. लेकीच्या फोनमध्ये गाणीच गाणी आणि गाडीला त्यांचा पत्ता नाही. शेवटी आज तपकीर गल्लीत जाऊन एफएम ट्रान्समीटर आणलं. साडेचारशे सांगितले, साडेतीनशेला दिलं. म्हणजे अडीचशेलाही मिळालं असतं.

लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचं अंगठ्याएवढं यंत्र. फोनवरून ब्लूटूथने किंवा पेन ड्राइव्हवरून गाणं घेतं, एफएमच्या लहरीवर चढवतं आणि हवेत सोडून देतं. गाडीचा रेडिओ ते बाहेरचं एखादं स्टेशन समजून पकडतो. फोन आणि रेडिओ यांच्यात हातभर अंतर, आणि तेवढ्यासाठी एक स्वतंत्र प्रसारण केंद्र! नवरोबा म्हणाले, "शेजारच्या खोलीत निरोप द्यायला पोस्टात जाण्यातली गत आहे ही." असेना. निरोप पोचल्याशी मतलब.

२४ ऑगस्ट

डबीवर ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ असं छापलंय, म्हणजे सगळं रान मोकळं. पुण्यात तसं काही नाही. ९१.१ ला रेडिओ सिटी, ९४.३ ला रेडिओ वन, ९५ ला बिग, ९८.३ ला मिर्ची, १०१ ला विविध भारती, १०७.४ ला विद्यापीठाची विद्यावाणी. त्यांच्या अंगाला अंग लावूनही बसता येत नाही. एफएममध्ये आवाजाबरोबर लहर आपल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत हलते, त्यामुळे प्रत्येक स्टेशन आपल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त जागा अडवतं. मिर्ची ९८.३ ला असली तरी ९८.२ किंवा ९८.४ ला आपली डाळ शिजत नाही.

सिंहगड रोडवर ९०.४ अगदी निवांत वाटलं. खूश होऊन निघाले तर लॉ कॉलेज रोडला वळल्यावर एफटीआयआयचा कम्युनिटी रेडिओ बोलू लागला. ही छोटी केंद्रं. त्यांना शंभर वॅटपर्यंतच मुभा असते, त्यामुळे ती आपल्या परिसरापुरतीच ऐकू येतात. घराजवळ मोकळी दिसलेली जागा दोन चौक ओलांडल्यावर मोकळी असेलच असं नाही.

दोन स्टेशनं एकाच जागी आली की एफएम रेडिओ कसा वागतो तेही आज नीट पाहिलं. मध्यम लहरींवर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ऐकू येतात. एफएमचा रेडिओ निवाडा करतो: जो जोरात तो खरा, दुसरा जणू नाहीच. म्हणून हे इवलंसं यंत्र किलोवॅटच्या मनोऱ्यापुढे टिकतं. मनोरा कोसांवर आहे, हे हाताशी. मात्र दोघांचा जोर सारखा झाला की निवाडा डळमळतो. गाण्याची अर्धी ओळ, मग जाहिरातीचं अर्धं वाक्य, मग खर्र, मग पुन्हा गाणं. मुळा-मुठेवरच्या एका पुलावर हे इतकं झालं की सासूबाईंनी मागून विचारलं, "दोघांत भांडण लागलंय का?"

गॅरेजवाल्या दादांचा सल्ला: "मॅडम, टपावरची एरियल काढून टाका. बाहेरचं सगळं बंद पडेल, तुमचं एकटीचं वाजेल." सल्ला चुकीचा नाही, पुष्कळ लोक तसं करतात. पण सासूबाईंना विविध भारती हवी. एरियल जागेवर राहिली. शेवटी ८८.१ वर मुक्काम ठोकला. त्या टोकाला सध्या शेजार नाही.

२७ ऑगस्ट

या यंत्रातून काय ऐकावं आणि काय ऐकू नये यावर माझं मत आता पक्कं झालंय. विलंबित ख्याल ऐकू नये. मल्लिकार्जुन मन्सूर लावले. तानपुरा सुरू झाला आणि त्याच्या बरोबरीने मागे 'स्स्स' असा दुसरा तानपुराही सुरू झाला. बुवा थांबले की तो पुढे येतो. गाडीचं इंजिन आहेच. ख्यालातली शांतता या सगळ्यातून वाचत नाही.

नाट्यसंगीत चालतं, कारण ऑर्गन-तबला-गायक मिळून ती शांतता उरूच देत नाहीत. अभंग उत्तम. सगळ्यात उत्तम बोलणं. पुलंची 'म्हैस' लावली तर एक अक्षर वाया गेलं नाही. माणसाच्या बोलण्याला ना फार खालचे स्वर लागतात ना फार वरचे. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही, पण पुलंना तेवढं मुबलक पुरतं.

आवाजाचंही एक गणित आहे. फोनचा आवाज कमी ठेवून गाडीचा वाढवला तर गाण्याबरोबर खरखरही वाढते. फोनचा पूर्ण वाढवला तर गाणं फाटतं. फोन पाऊण, बाकीचं गाडीवर सोडायचं, हे जमलं. ब्लूटूथ तुटतो म्हणून वायर जोडली आणि त्याच सॉकेटमधून फोन चार्जिंगला लावला, तर गाडीच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी एक बारीक शीळ ऐकू यायला लागली. अ‍ॅक्सिलेटर दाबला की वर, सोडला की खाली. ती अल्टरनेटरची. चार्जर काढला, शीळ गेली.

पेन ड्राइव्हचा क्रमही चमत्कारिक. नावाप्रमाणे नाही, ज्या क्रमाने गाणी कॉपी केली त्या क्रमाने वाजतात. लेकीने आधी आपलं भरलं होतं. आता सगळं पुसून पुन्हा भरणार: आधी अभंग, मग पुलं, मग तिचं. तिचं म्हणणं, हे अन्यायाचं आहे. आहेच.

३१ ऑगस्ट, रात्री, गावी

पहाटे निघालो तरी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर मरणाची रांग. पुणं निम्मं कोकणात आणि उरलेलं कोल्हापूरकडे निघालेलं. रांगेत 'म्हैस' रंगात आली होती आणि मध्येच ढोलताशाचं गाणं घुसलं. मग पुलं. मग पुन्हा ढोल. रेडिओ स्टेशन असं वागत नाही, तेव्हा हे आपल्याच जातीचं कुणीतरी. खात्री करायला गोष्ट थांबवली. पण गोष्ट थांबवून भागत नाही. यंत्र गप्प बसूनही लहर सोडतच असतं आणि रेडिओ ती शांतता इमानाने पकडून बसतो. म्हणून यंत्रच सॉकेटमधून ओढलं. लगेच ढोलताशा दणदणीत. डावीकडच्या पांढऱ्या गाडीतला ड्रायव्हर इतका वेळ आपल्या डॅशबोर्डला थपडा मारत होता, तो एकदम खुलला. त्याच्याकडे बहुतेक एसटीतल्या म्हशीचा तुकडा तुकडा पोचत असावा. मी ८८.५ ला गेले. रांगेत त्यानेही तेच केलं असतं तर मजा होती, पण त्याला काय झालं ते कळलंच नसावं.

खंबाटकी चढून पलीकडे उतरलो की पुण्याची स्टेशनं एकेक करून ढासळतात. डोंगर आडवा आला की एफएमची लहर त्याला वळसा घालत नाही, ती बरीचशी सरळच जाते. मग काही वेळ १०३.१ वर आकाशवाणी सातारा. सासूबाईंच्या हट्टाने तेही ऐकलं, शेतीविषयक सल्ला होता, आणि गाण्यांपेक्षा बरा होता. उंब्रजला हायवे सोडला. मल्हारपेठ, पाटण. पाटणनंतर रेडिओचं शोधण्याचं बटण दाबलं तर आकडे ८७.५ वरून १०८ ला जाऊन परत येऊ लागले. कुठे थांबेचनात. कोयनानगरपर्यंत हेच. सगळी पट्टी आपली. शहरात पॉइंट एकसाठी झगडणारी मी, इथे हवा तो आकडा घ्या! लेकीने गंमत म्हणून १०१ वर, ऐन विविध भारतीच्या गादीवर, आपली गाणी लावली. सासूबाई थोडा वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हल्ली काय वाट्टेल ते लावतात."

कुंभार्ली घाटात धुकं इतकं की समोरच्या ट्रकचे फक्त दिवे दिसत होते. आवाज बंद केला. घाटात मला गाणं चालत नाही.

३ सप्टेंबर

दीड दिवसाचे गणपती आज गेले. आमचे गौरींबरोबर जातात. मुलांना दुपारी काही उद्योग नव्हता.

गाडी खळ्यात उभी होती. लेकीने चावी फिरवून ट्रान्समीटर सुरू केलं आणि पडवीतल्या खुंटीला टांगलेल्या ट्रान्झिस्टरवर ८८.१ लावलं. वाजलं! पुण्यात गाडीच्या टपापर्यंत धड न पोचणारी लहर इथे अंगण ओलांडून घरात आली, कारण तिला अडवायला दुसरं कुणी नाही. मग तर काय. एका पोराने ट्रान्झिस्टर काखेत मारून कुठवर ऐकू येतं ते पाहायला सुरुवात केली. विहिरीपर्यंत स्वच्छ, गोठ्याच्या मागे खरखर, आगरात पहिल्या ओळीतल्या माडांशी संपलं. पत्र्याच्या आडोशाला गेलं की जातं, दोन पावलं बाजूला सरकलं की येतं.

थेट बोलता येईना, म्हणून त्यांनी फोनवर बोलणं रेकॉर्ड करून लावलं. "नमस्कार, हे खळं केंद्र आहे. आता बातम्या." पहिली बातमी: माजघरातले करंजीचे दोन डबे रिकामे झाले आहेत. जाऊबाई स्वयंपाकघरातून ट्रान्झिस्टरवर ऐकत होत्या, त्या उलथनं घेऊन बाहेर आल्या. खळं केंद्राचा वार्ताहर तोवर आगरात.

लंडनहून आलेला पुतण्या म्हणाला, "काकू, तिकडे हे केलं असतं तर बेकायदा होतं." बिनतारी प्रसारणाचा १९४९ चा कायदा, आणि त्यात हे अंगठ्याएवढं यंत्रही बसायचं. दुकानात मिळायचं, पण वापरणं गुन्हा. ८ डिसेंबर २००६ पासून परवानगी मिळाली, तीही ५० नॅनोवॅटच्या मर्यादेत. म्हणजे एका वॅटचा दोन कोटीवा भाग. आमच्या डबीवर असला काही आकडा छापलेला नाही, आणि विहिरीपर्यंतचा पल्ला पाहता तो पाळलेला असेल असंही वाटत नाही. थोरले दीर हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "बंद करा मग. बॅटरी उतरेल गाडीची." कायद्यापेक्षा हे कारण मुलांना पटलं.

४ सप्टेंबर

रात्री विजा. दिरांची सवय आकाशवाणी रत्नागिरीचं मध्यम लहरींवरचं केंद्र लावायची. वीज चमकली की रेडिओत कडाड. दर वेळी, मेघगर्जनेच्या आधी. मी एफएमवर आमचं यंत्र लावून दाखवलं. बाहेर तीच वीज, आत काही नाही.

मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो आणि वीज नेमकी त्या उंचीला धक्का मारते. एफएममध्ये तो लहरीच्या कंपनसंख्येत भरतात, उंची कितीही हलली तरी रेडिओ तिकडे लक्ष देत नाही. ही युक्ती एडविन आर्मस्ट्राँगची, पेटंट १९३३ चं. न्यूयॉर्कमध्ये १९३५ साली त्याने इंजिनिअरांच्या सभेत ती ऐकवली तेव्हा पेल्यात ओतलेलं पाणी आणि चुरगाळलेला कागद यांचे आवाज दूरच्या केंद्रावरून सोडले होते. गाणं ऐकवण्यापेक्षा हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पाणी ओळखता आलं म्हणजे रेडिओ खरा. पुढे १९४५ मध्ये अमेरिकी सरकारने एफएमची पट्टीच बदलली, घरोघरीचे संच निकामी झाले. पेटंटसाठी मोठ्या कंपन्यांशी वर्षानुवर्षं खटले चालले, आणि १९५४ साली त्याने तेराव्या मजल्यावरून उडी घेतली. उरलेले खटले त्याच्या बायकोने चालवले आणि जिंकले. दिरांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा रत्नागिरी लावलं. कडाडलं तरी त्यांना तेच हवं.

८ सप्टेंबर, पुणे

परतताना पाटणच्या पुढे पट्टी भरू लागली. साताऱ्यापर्यंत आकडा बदलावा लागला नाही. पुण्याकडे येताना खंबाटकीला घाट चढायचा नसतो, बोगदा आहे. आत शिरताना मुद्दाम एका दूरच्या स्टेशनवर गेले. ते लगेच मेलं. मग ८८.१ : आमचं चालू, आणि एरवीपेक्षा स्वच्छ. डोंगराच्या पोटात स्पर्धा नाही. नाक्यावर या वेळी कुणी भेटलं नाही.

१४ सप्टेंबर

नवरोबांनी नव्या स्टिरिओचा ध्यास घेतलाय. ब्लूटूथ, यूएसबी, स्क्रीन, सगळं. माझी हरकत नाही. मन्सूर ऐकायचे तर तारेतूनच ऐकायला हवेत, आणि गेले काही दिवस मी गाडीत फक्त बोलणं ऐकतेय. दुकानात दोन-तीन संच पाहिले. पोरगा हुशार होता, स्क्रीनवर नकाशे दाखवत होता, मागचा कॅमेरा दाखवत होता.

"यात एफएम आहे ना?" मी विचारलं.

"आहे मॅडम. पण लावतं कोण आता?"

"१०१ लावून दाखवा."

त्याने एरियल न जोडताच लावलं, नुसती खरखर. मी एरियल जोडायला सांगितली. तो मागे जाऊन वायर शोधून आला, विविध भारती लागली, आणि सासूबाईंनी मागच्या खुर्चीवरून मान डोलावली. नवरोबांनी आगाऊ रक्कम दिली. ट्रान्समीटर पुतण्या मागत होता, पण तो ते लंडनला नेणार म्हणतोय, म्हणून दिलेलं नाही. आमच्या दुधवाल्याच्या टेम्पोत नुसता रेडिओ आहे. त्याला विचारणार आहे.