विकलेल्या गोळ्याचा हिशेब

मे २०२५मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचं सफरचंद विकायचं थांबवलं. पाकिस्ताननं आपल्यावर सोडलेले ड्रोन तुर्की होते, म्हणून. इथे रहिमतपूरच्या बाजारातही तेव्हा हाच विषय होता, आणि लोकांचा तो राग मला मनापासून पटला. आमच्या भागातली पोरं पिढ्यान् पिढ्या फौजेत जातात. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला तर ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. शत्रूच्या हाती हत्यार कुणी दिलं, हा इथे घरातला प्रश्न असतो.

१९६५च्या युद्धातही तो तसाच होता. तेव्हा संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते आणि समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे. अमेरिकेनं ते कम्युनिस्टांना रोखायला म्हणून दिलेले. या मदतीचा भारतावरच्या आक्रमणासाठी वापर झाला तर अमेरिका तो रोखेल, असं राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५४मध्ये नेहरूंना कळवलं होतं. तरी ते रणगाडे खेमकरणपर्यंत आलेच. विकणाऱ्या-देणाऱ्याच्या शब्दाची किंमत आपण रक्तानं मोजलेली आहे.

आता विकणारे आपणही आहोत. २०१३-१४मध्ये ६८६ कोटींची असलेली संरक्षण निर्यात २०२४-२५मध्ये २३,६२२ कोटींवर गेली. खडकी, वरणगाव, भंडारा, भद्रावती इथे दारूगोळ्यावर हजारो घरं चालतात, आणि ते काम जिवावरचं आहे: जानेवारी २०२५मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यातल्या स्फोटात आठ कामगार गेले. शस्त्र विकूच नये, असं मी म्हणणार नाही. अर्मेनियानं आपली पिनाका रॉकेटप्रणाली घेतली. अझरबैजानशी झालेल्या २०२०च्या युद्धात तुर्की ड्रोनचा मार खाल्लेल्या त्या छोट्या देशाला स्वतःच्या रक्षणाचा हक्क आहे. पण अझरबैजानमधला एखादा बाप पिनाकाबद्दल ऐकून आपल्याविषयी काय म्हणत असेल? आपण तुर्कस्तानला म्हणतो, तेच.

म्यानमारच्या बाबतीत मात्र मला शरम वाटते. फेब्रुवारी २०२१मध्ये तिथल्या लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि स्वतःच्याच देशातल्या माणसांवर बॉम्ब टाकले. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३मध्ये मांडलेल्या अहवालानुसार, त्या लष्कराला भारतातून सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरची शस्त्रं आणि संबंधित सामग्री गेली. पुरवठादारांत आपल्या सरकारी कंपन्याही होत्या. त्याच लष्करापासून जीव वाचवून आलेल्यांना मिझोरामच्या लोकांनी आसरा दिला. त्यासाठी कुठल्या बाजारात काय बंद झालं?

यात पक्षापक्षांत फरक नाही. काँग्रेसच्या काळातही म्यानमारच्या लष्कराला टेहळणी विमानं दिली गेली. २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय शस्त्रव्यापार करारावर संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं तेव्हा मनमोहन सिंग सरकार तटस्थ राहिलं. पुढच्या सरकारनंही त्यावर सही केली नाही. बोफोर्सपासून राफेलपर्यंत, खरेदीत पैसा कुणी खाल्ला यावर संसद दणाणली. विकलेला गोळा कुणावर पडला, यावर ती एक दिवसही अडल्याचं मला आठवत नाही. देशांची नावं विचारली की संवेदनशील माहिती म्हणून उत्तर टळतं, आणि विचारणाराही गप्प बसतो.

तुर्कस्तानला विचारलेला प्रश्न आपल्या सरकारलाही विचारायला हवा. आपल्या खासदाराला पत्र लिहा: कोणत्या देशाला काय विकलं, याची यादी दरवर्षी लोकसभेपुढे ठेवायला लावा.