गोधडीआडचा बेंजो

मराठी माणूस ज्याला ‘बेंजो’ म्हणतो तो अमेरिकेतला बँजो नव्हे. त्या बँजोचे पूर्वज आफ्रिकेतले आणि त्याचे तोंड कातड्याने मढवलेले. वरातीपुढे वाजणारा आपला बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या पोलादी तारा आणि त्यांवर टंकयंत्रासारखी बटणे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली घडवलेले ‘ताइशोगोतो’ हिंदुस्थानात आले, ‘बुलबुल तरंग’ झाले, आणि त्याला पिकअप बसवून भोंग्याला जोडल्यावर आपल्याकडे बेंजो ठरले. बटण दाबले की तार नेमक्या पडद्यावर टेकते. सतारीला वर्षे मागणारे काम इथे यंत्र उरकते. मोबदल्यात मींड जाते. ढोलकी-तुणतुण्यावर आपण मराठीच्या वर्गात तासन्‌तास बोलतो. बेंजोचा उल्लेख आमच्या वर्गांत तरी कधी झालेला नाही.

आम्ही चौघे, त्यांतले दोघे साहित्याचे मास्तर, गेली काही वर्षे बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका बेंजो पार्टीची ध्वनिमुद्रणे करीत आहोत. स्टुडिओ म्हणजे भवानीनगरच्या अलीकडची खताच्या गोण्यांची खोली. सामग्री सांगण्याजोगी नाही, म्हणूनच सांगतो: दोन माईक जोडता येतील असा सर्वांत स्वस्त इंटरफेस, जुना आहुजाचा माईक, फुकट मिळणारे ‘ऑडॅसिटी’ आणि सात गोधड्या. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. या भागात पोल्ट्र्या उदंड, तेव्हा ट्रे मिळायला अडचण नव्हती. पण बाहेरचा आवाज त्यांनी अडत नाही, खोलीचा घुमाराही फारसा कमी होत नाही. जुन्या लुगड्यांची जाड गोधडी मात्र घुमारा गिळते. गाळपाच्या हंगामात गाणी वाजवीत जाणारे उसाचे ट्रॅक्टर तिलाही आवरत नाहीत, म्हणून त्या दिवसांत आम्ही रात्री दोननंतर बसतो.

बेंजोच्या पिकअपमध्ये विजेची गुणगुण शिरते, पन्नास हर्ट्झची. हा षड्ज पांढरी पाचच्या किंचित वर पडतो. आमच्यातल्या एकाने सगळा बेंजो त्याच्याशीच जुळवून घेण्याची सूचना केली होती, आणि ती अगदीच विनोदी नव्हती.

हलगीची तऱ्हा निराळी. कातडे तापले की स्वर चढतो, निवले की उतरतो. त्यामुळे आमच्या बैठकीचे वेळापत्रक संगणकापेक्षा दाराबाहेर पेटलेले पाचट ठरवते. हलगी शेकून आत आणायची, आणि ती निवण्याआधी गाणे पुरे करायचे. माईक तिच्यासमोर ठेवला तर आवाज फाटतो. तो उंबऱ्यावर, पाठ फिरवून ठेवला की बरा येतो. नटबोल्टने ताणायची फायबरची हलगी पार्टीकडे आहे, पण ती पावसाळ्यासाठी.

या अडचणींचे आम्हांला, खरे सांगायचे तर, कौतुक वाटे. त्याला साहित्यिक आधारही हाताशी होता. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीचेच. एकशे आठ रामायणे रचताना त्यांनी एक निरोष्ठ रामायण केले, ज्यात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य. म्हणजे रामाच्या कथेत ‘राम’ हाच शब्द म्हणता येत नाही! दुसरा दाखला परदेशचा. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ साली न्यू जर्सीतल्या घरी कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या यंत्रावर कच्ची गाणी मुद्रित केली; मग बँडसह ती पुन्हा वाजवून पाहिली, आणि अखेर ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ म्हणून बाहेर आली. आमचा प्रस्ताव असा की बेंजोची खरखर, गुणगुण, पाचटाचा तडतडाट, सगळे ठेवावे.

पार्टीचे मुख्य बेंजोवादक वयाने आमच्याहून वडील. त्यांनी ‘नेब्रास्का’ आमच्या फोनवर शांतपणे ऐकली.

“चांगलं हाय, सर. पण त्या साहेबांकडं मोठा स्टुडिओ हुता, तरी त्यांनी घरात केलं. आम्ही घरात करतो, कारण घरच हाय. ही खरखर तुम्हांला गोड लागती. सुपारी द्यायला आलेला माणूस म्हणतो, बेंजो नादुरुस्त हाय, पैसे कमी करा.”

मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण सोडले होते. ते त्यांच्याकडून कोणी काढून घेतले नव्हते. हलगीवाल्यांनी या वादात भाग घेतला नाही, पण गावकीच्या सक्तीची खूण म्हणून आंबेडकरी चळवळीत अनेकांनी हलगी खाली ठेवली, हा इतिहास त्या खोलीत कुणाला सांगावा लागत नव्हता. ‘मातीचा आवाज’ हा आपल्या समीक्षेतला लाडका शब्दप्रयोग आम्ही त्या रात्रीनंतर वापरलेला नाही.

आता प्रत्येक गाण्याच्या दोन प्रती निघतात. त्यांच्या प्रतीत गुणगुण गाळलेली, बेंजोवर भरपूर प्रतिध्वनी, आणि ऑक्टोपॅड पुढे. ती पार्टीच्या फोनवर असते आणि सुपारी ठरवताना वाजते. आमची प्रत आमच्याकडे. गाणे कुणाला ऐकवायचे झाले तर कोणती प्रत लावायची, हे ते ठरवतात. गेल्या खेपेस त्यांनी स्वतःच्या प्रतीतही एक गोष्ट राहू द्यायला सांगितली: सुरुवातीला हलगी शेकून आत येते तेव्हाचा दाराचा आवाज. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “तिथनं ठेका धरायला बरं पडतं.”