खरखर

भयपटाचं काम आलं की दिग्दर्शकाचं साउंडवाल्याला पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'इथं प्रेक्षक खुर्चीतून उडाला पाहिजे.' उडवायला काही लागत नाही. दोन सेकंद सगळे ट्रॅक खाली आणायचे आणि मग एक दणका ठेवून द्यायचा, म्हातारा असो की पोर, दचकतोच. कस लागतो तो माणसाला दोन तास कान टवकारून बसवण्यात. ही विद्या मला सिनेमापेक्षा एका व्हिडिओ गेमनं जास्त शिकवली, आणि त्याच गेमवरून निघालेल्या सिनेमानं तिची हद्दही दाखवली.

गेम म्हणजे 'सायलेंट हिल'. कोनामीनं १९९९ मध्ये प्लेस्टेशनसाठी काढलेला. हॅरी मेसन नावाचा बाप धुक्यानं भरलेल्या गावात आपली हरवलेली मुलगी शोधतोय, एवढीच सुरुवात. धुकं आलं ते अडचणीतून. लांबवरचे रस्ते, घरं एका वेळी दाखवण्याइतका दम त्या यंत्रात नव्हता, म्हणून पुढचं सगळं झाकून टाकलं. डोळ्यांना चार पावलांपलीकडचं दिसेना, तेव्हा आपसूकच सगळी भिस्त कानांवर आली. हॅरीकडे एक छोटा रेडिओ असतो. काही अभद्र जवळ आलं की तो खरखरायला लागतो. जवळ आहे हे कळतं, कुठल्या बाजूला ते कळत नाही, आणि पुढचं पाऊल मात्र तुम्हालाच टाकायचं असतं. अंगठा तुमचा, बटण तुमचं. अकिरा यामाओकानं त्या गेमचं संगीतही केलं आणि आवाजही, त्यामुळे लोखंडावर काहीतरी घासल्यासारखं जे ऐकू येतं ते पार्श्वसंगीत समजायचं की पलीकडच्या खोलीतलं कुणी, याचा पत्ताच लागत नाही. आमच्याकडे म्युझिक एका पेन ड्राइव्हवर येतं, इफेक्ट्स दुसऱ्यावर, आणि दोघांची गाठ थेट मिक्सच्या रात्री पडते. असो.

सिनेमा २००६ चा. दिग्दर्शक क्रिस्तोफ गान्स, पटकथा रॉजर अ‍ॅव्हरीची. बापाच्या जागी आई आली, रोझ; काम राधा मिचेलचं. धुक्याच्या जोडीला राख आली. पेनसिल्व्हेनियात सेंट्रेलिया नावाचं गाव आहे, तिथल्या कोळशाच्या खाणीला १९६२ मध्ये लागलेली आग जमिनीखाली अजून धुमसतेय. अ‍ॅव्हरीनं आपलं गाव त्यावर बेतलं. मला ही राख फार आवडली. बर्फासारखी भुरभुरत ती सगळं झाकते, आणि अशा रस्त्यावर आवाज घुमणार नाही हे कुणी न सांगता पटतं. मग रोझच्या बुटांचा आवाज सुटा, कोरडा ठेवता येतो. बाहेरच्या रिकाम्या रस्त्यांवरचा सुरुवातीचा भाग म्हणूनच सुंदर झालाय.

त्यानंतर गल्लीचा प्रसंग. भोंगा वाजतो, उजेड जातो, रोझ लायटर पेटवते आणि अंधारातून जळक्या पोरांसारखी काहीतरी पुढे येतात. गेममधल्या त्या गल्लीची ही जवळजवळ बरहुकूम नक्कल आहे, मूळचे तिरके कॅमेरे गान्सनं आठवून आठवून लावलेत. तरी दोन्हीकडची भीती सारखी नाही. गेममध्ये तिथून सुटकाच नाही. पोरं तुम्हाला मारतात आणि मग तुम्ही एका कॅफेत जागे होता. पहिल्यांदा खेळणारा जिवाच्या आकांतानं बटणं दाबत राहतो. सिनेमात ते दाबणं रोझच्या वाट्याला गेलं, आम्ही पॉपकॉर्न धरून बसलो. रेडिओची खरखर इथं तिच्या मोबाइलमधून येते. येते खरी, पण ती आता रोझला दिलेली सूचना आहे. मला ती सांगून काय उपयोग? मी थोडाच पळणार आहे?

ही अडचण गान्सनं एकदाच पुरती सोडवली, नर्सच्या प्रसंगात. हॉस्पिटलच्या तळघरात चेहरा नसलेल्या नर्स पुतळ्यासारख्या उभ्या. टॉर्चचा झोत पडला की त्या हलतात, वाकड्यातिकड्या, एकेका सांध्यातून. या भूमिकांना नर्तकी घेतल्या होत्या, ते दिसतं. रोझ टॉर्च विझवते आणि त्यांच्यामधून अंग चोरत वाट काढते. गेममध्येही टॉर्च बंद केला की राक्षसांना तुम्ही सहजी सापडत नाही. म्हणजे इथं दिग्दर्शकानं खेळाचं चित्र न उचलता नियम उचलला. नियम प्रेक्षकाला एकदा समजला की तोही खेळायला लागतो. मी हा प्रसंग बघताना दर वेळी श्वास धरतो, आणि माझ्या लक्षात येतं की आता जरा कापड सळसळलं तरी पुरे. हाड मोडल्याचा आवाज आम्ही स्टुडिओत ढोबळी मिरची पिळून काढतो. इथं एक मिरची अख्ख्या प्रसंगाला पुरेल, डझनभर लागणार नाहीत.

डोक्यावर लोखंडी पिरॅमिड घातलेला तो धिप्पाड जल्लादही असाच भाव खाऊन जातो. भूमिका रॉबेर्तो कांपानेला यांची, तेही नृत्याच्या क्षेत्रातले. तो आपलं प्रचंड पातं जमिनीवरून ओढत आणतो. असा आवाज करायचा तर आम्ही कोटा फरशीवर फावडं ओढतो. पण सलग ओढलं तर ते नुसतं बांधकाम वाटतं. ओढ, थांब, श्वास, पुन्हा ओढ, असं केलं की वजन येतं. मात्र २००१ च्या दुसऱ्या गेममध्ये हा जल्लाद जेम्स नावाच्या माणसाच्या अपराधी मनातून उभा राहिला होता. रोझचा आणि त्याचा काय संबंध? दिसायला भारी, म्हणून बोलावलेला पाहुणा.

खरा घात मात्र बोलण्यानं झालाय. शेवटाकडे एक मुलगी जुन्या फिल्मसारख्या खरबरीत चित्रांवर गावातल्या अलेसा नावाच्या पोरीची सगळी कथा सांगून टाकते. गेममध्ये हे तुकड्यातुकड्यांनी जुळवावं लागतं, काही जुळतही नाही. इथं निवेदन सुरू झालं की आवाजाला करण्यासारखं काही उरत नाही. वर रोझच्या नवऱ्याचा, म्हणजे शॉन बीनचा धागा. पुरुष पात्र हवं या स्टुडिओच्या आग्रहातून तो वाढला, असं गान्स यांनीच सांगितलं आहे. गावातल्या गच्च कोंदट अवकाशात जरा कान रुळतात, तोच आपल्याला बाहेर काढून पोलिसांच्या गप्पांत नेऊन बसवतात. त्या धाग्यात एक जागा मात्र लाखाची आहे. नवराबायको एकाच शाळेत, एकाच वेळी, पण दोन वेगळ्या जगांत. तो तिला बघू शकत नाही, ऐकू शकत नाही. त्याला फक्त तिच्या अत्तराचा वास येतो. थिएटरमध्ये ज्याचा ट्रॅकच करता येत नाही, नेमकं ते.

चर्चमधल्या काटेरी तारांच्या शेवटाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सगळे फेडर वर, सगळे किंचाळतायत, पाचव्या मिनिटाला कान बधिर होतात. आमच्या स्टुडिओतला एक पोरगा, लहानपणापासून हा गेम खेळलेला, याच शेवटावर जीव टाकतो. इतका वेळ दाबून ठेवलेलं कुठंतरी फुटायलाच हवं, असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हणतो, फुटू दे, पण बाबा, आवाज थोडा खाली घे.