मेट्रोचे तिकीट आणि भागीदारीचा कागद

दोघींनी मिळून एखादी वस्तू घेतली, की पुढे भांडण त्या वस्तूवरून होत नाही. ते होते "ठरलं काय होतं?" यावरून. आमच्या इमारतीतलेच उदाहरण सांगते. तळमजल्यावरची एक खोली सोसायटीने एका वहिनींना पोळीभाजी केंद्र चालवायला दिली. भाडे नाममात्र, अट एकच: सभासदांना पोळी ठरलेल्या दराने द्यायची. वर्षभर सगळे गोडीगुलाबीने चालले. मग गॅस महागला, कणीक महागली. वहिनी म्हणाल्या, "दर वाढवते." सोसायटी म्हणाली, "दर ठरलेला आहे." कागद काढून पाहिला, तर त्यात दर होता, पण महागाई झाली तर काय करायचे याबद्दल एक अक्षर नव्हते! पोळ्या मात्र अगदी मऊसूत हो. त्यांच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, मेट्रोच्या लेखात ह्या पोळ्या कुठून आल्या? पण मी ज्या मेट्रोने रोज शाळेत जाते, तिची कथा थेट अशीच आहे. फक्त आकडे कोटींचे आहेत.

मी घाटकोपरला राहते आणि वर्सोव्याच्या बाजूला एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. मुंबईबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, मुंबईच्या लोकल गाड्या दक्षिणोत्तर धावतात. घाटकोपर मध्य रेल्वेवर, अंधेरी पश्चिम रेल्वेवर. नकाशात दोन्ही समोरासमोर, पण लोकलने जायचे तर खाली दादरला जाऊन गाडी बदलायची आणि पुन्हा वर यायचे. नाहीतर ३४० नंबरची बस पकडायची आणि साकीनाक्याच्या गर्दीत घड्याळाकडे बघत बसायचे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, ११.४ किलोमीटर, बारा स्थानके. रस्त्याने जिथे तास-सव्वातास मोडायचा, तिथे एकवीस मिनिटांत या टोकाचे त्या टोकाला. चार डब्यांची गारेगार गाडी, त्यात बायकांसाठी राखीव जागा. माझे लग्न नुकतेच झाले होते. सकाळचा डबा, सासूबाईंचे पथ्याचे खाणे आणि दुपारची शाळा, हे तिन्ही जमले ते या एकवीस मिनिटांमुळे.

ही मेट्रो एकट्या सरकारने बांधलेली नाही. सार्वजनिक-खाजगी भागीदारीतली ती मुंबईतली पहिली मेट्रो. २००६ मध्ये पायाभरणी झाली, २००७ मध्ये करार. कंपनीत ७४ टक्के वाटा खाजगी भागीदारांचा, २६ टक्के एमएमआरडीएचा, म्हणजे सरकारी प्राधिकरणाचा. नुसत्या तिकिटांवर हा खर्च भरून निघणार नाही हे उघड होते, म्हणून केंद्र आणि राज्याने मिळून ६५० कोटी रुपयांचे अनुदान द्यायचे ठरले. खाजगी भागीदाराने बांधायची, ३५ वर्षांच्या कराराने चालवायची आणि मुदत संपली की सरकारच्या हवाली करायची. कल्पना वाईट नाही. सरकारची तिजोरी एकदम रिकामी होत नाही आणि चालवणाऱ्याला गाडी वेळेवर सोडण्यात स्वतःचा फायदा दिसतो. गाड्या स्वच्छ आणि वेळेवर धावतात, हे मी रोजच्या अनुभवाने सांगते.

वाद झाला तो तिकिटावरून. करारातले दर होते ९, ११ आणि १३ रुपये. मेट्रो सुरू व्हायच्या वेळी खाजगी भागीदाराने सांगितले, की खर्च वाढला आहे, दर १० ते ४० रुपये लागेल. सरकार म्हणाले, करार तो करार. मग कायद्याचा कीस निघाला. प्रकल्प आखला होता चक्क १८८६ च्या ट्रामवे कायद्याखाली. पुढे केंद्राचा मेट्रो कायदा लागू झाला आणि त्यात सुरुवातीचे भाडे ठरवण्याचा अधिकार मेट्रो चालवणाऱ्याकडे आहे. करार एक सांगतो आणि कायदा दुसरेच! प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सुरुवातीचे काही महिने सवलतीचा दर होता, जास्तीत जास्त २० रुपये. जानेवारी २०१५ मध्ये तो ४० झाला.

त्या रात्री मी हिशेबाची वही काढली. जाऊनयेऊन रोजचे ४० होते, ते ८० झाले. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर ९६० चे १९२०. तासिकेचे माझे पैसे तेव्हा महिन्याला साडेसात हजारांच्या आतबाहेर. सासूबाई पोथी वाचता वाचता चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शाळेत शिकवतेस की मेट्रोला पोसतेस गं?" हे हसले, पण वहीतला आकडा त्यांनीही पुन्हा एकदा पाहिला. त्याच वर्षी भाडे ठरवणाऱ्या समितीने १० ते ११० रुपयांपर्यंतच्या दराची शिफारस केली. ११० म्हणजे रोजचे २२०, महिन्याचे ५,२८०! मग माझी नोकरी ही नोकरी राहिली नसती, हौस झाली असती. आणि बायकांच्या हौसेला घरात सगळ्यांत आधी कात्री लागते, हे का मी तुम्हाला सांगायला हवे? पुढे खाजगी भागीदाराने प्रत्यक्षात पाच रुपयांचीच वाढ जाहीर केली, न्यायालयाने तिलाही स्थगिती दिली आणि डिसेंबर २०१७ मध्ये समितीची शिफारसच रद्द केली. माझी नोकरी टिकली.

आता कुणाची बाजू खरी? मला वाटते, हा प्रश्नच अपुरा आहे. करार झाला तेव्हा खर्चाचा अंदाज २,३५६ कोटी रुपये होता. खाजगी भागीदाराच्या म्हणण्याप्रमाणे तो ४,३२१ कोटींवर गेला, कारण जागेचे ताबे वेळेवर मिळाले नाहीत आणि काम रखडले. सरकारी बाजूला हा आकडा मान्य नव्हता. वाद लवादापुढे गेला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खाजगी भागीदारांचा वाटा सुमारे ४,००० कोटींना विकत घ्यायचे ठरवले आणि जूनमध्ये तो विचार सोडूनही दिला. पोळीच्या दराचाच हा घोळ, नाही का? वाढलेला खर्च कुणी सोसायचा, हे दोघांनाही मान्य होईल इतके स्पष्ट लिहिलेलेच नव्हते.

दुसरी गोष्ट, भागीदार मध्येच उठून गेला तर? दिल्लीच्या विमानतळ मेट्रोचे तसे झाले. सुमारे २३ किलोमीटरचा मार्ग फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाला. त्याचे बांधकाम दिल्ली मेट्रोच्या सरकारी कंपनीचे, रूळ, गाड्या आणि चालवणे खाजगी कंपनीकडे. जुलै २०१२ मध्ये पुलांच्या बेअरिंगमध्ये दोष सापडला आणि मार्ग सहा महिने बंद राहिला. जानेवारी २०१३ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, पण १ जुलै २०१३ पासून खाजगी कंपनीने अंग काढून घेतले. सरकारी कंपनीने गाड्या बंद पडू दिल्या नाहीत, पुढे भाडेही उतरवले. पण नुकसानभरपाईचा वाद थेट एप्रिल २०२४ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालला. २०२१ मध्ये निकाल खाजगी कंपनीच्या बाजूने लागला होता, तो २०२४ मध्ये फिरवला गेला. रक्कम तोवर जवळजवळ ८,००० कोटींवर पोचली होती. सरकारी कंपनीला ती द्यावी लागली असती, तर शेवटी तुमच्याआमच्याच खिशातून गेली असती ना!

मैत्रिणींनो, "आमच्या गावात कुठली आलीय मेट्रो" म्हणून पान उलटू नका. अशी भागीदारी आता बसस्थानकात येते, बाजाराच्या इमारतीत येते, दवाखान्यातल्या तपासण्यांत येते. आपल्याकडे "बीओटी" हा शब्द आता भाजीवालीलाही ठाऊक आहे. खाजगी म्हणून नाक मुरडू नका आणि चकचकीत फरशी पाहून हुरळूनही जाऊ नका. तीन प्रश्न मात्र विचारा. दर कोण ठरवणार आणि किती वर्षांनी किती वाढवणार? काम लांबले, खर्च वाढला, तर तो कुणाच्या अंगावर? आणि भागीदार निघून गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दार कोण उघडणार?

उत्तर तोंडी मिळाले तर तेवढ्यावर थांबू नका. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपये शुल्क भरून साध्या अर्जावर नगरपालिकेकडे कराराची प्रत मागता येते. महिला मंडळाच्या नावाने नाही, एकीने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा आणि प्रत आली की चौघींनी बसून वाचायची. भाषा किचकट असते खरी, पण किराण्याच्या यादीत पावशेराचा फरक पकडणाऱ्या बाईला दराचे कलम नक्की सापडते. आणि ते कागदावर सही होण्याआधी सापडले, तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही.