संगनमत

इंग्रजीत 'प्लॉट' म्हणजे कथानक आणि 'प्लॉट' म्हणजे कटही. आमच्या उस्मानपुऱ्यात मात्र या शब्दाचा तिसराच अर्थ चालतो, तो म्हणजे घर बांधण्याजोगा जमिनीचा तुकडा. अशाच एका तुकड्यापायी 'संगनमत' हा शब्द आमच्या घरात शिरला. एका परिचिताच्या खरेदीखतावर वडिलांनी साक्षीदार म्हणून सही केली होती. पुढे दावा लागला; प्रतिवादींनी 'आपसात संगनमत करून' वादीला फसवले, असे त्यात लिहिलेले. तिसरे प्रतिवादी आमचे वडील. आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या या माणसाला आरोपापेक्षा तो शब्दच अधिक लागला. वर्षभराने त्यांचे नाव दाव्यातून वगळले गेले. तो शब्द मात्र त्यांच्या तोंडी पुन्हा आला नाही.

वकिलांनी तेव्हा समजावले होते, की दिवाणीत नुसते एकमत पुरत नाही. त्यातून वादीचे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे दाखवावे लागते. फौजदारीत याच्या उलट. गुन्हा करायचे दोघांत ठरले, की ते ठरणे हाच गुन्हा. हे तत्त्व दंड संहितेत, कलम १२०-अ आणि १२०-ब म्हणून, १९१३ साली आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ६१ मध्ये आहे. १८६० च्या मूळ संहितेत कट ही अपप्रेरणेची एक रीत होती आणि त्यापाठोपाठ काही कृती घडावी लागे. सरकारविरुद्धच्या कटासाठी मात्र १२१-अ हे कलम १८७० मध्येच आले होते. राज्यकर्त्यांना आपल्या जिवाची काळजी प्रजेच्या त्रेचाळीस वर्षे आधी वाटली, असे म्हणायला हरकत नाही.

ही कलमे वाचताना मला अनंत लक्ष्मण कान्हेरे आठवतो. निजामाच्या राज्यातील त्या काळच्या औरंगाबादेत तो शिकायला होता, गंगाराम नावाच्या मित्राकडे राहत होता. 'मित्रप्रेम' ही कादंबरी त्याची. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर त्याने गोळ्या झाडल्या. झाडल्या त्या एकट्याने. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले तिघे: कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. खुनाच्या वेळी लंडनला असलेल्या सावरकरांनाही पुढे जन्मठेप झाली.

नाशिकचा कट खरा होता, याबद्दल वाद नाही. प्रश्न पुराव्याचा आहे. मनातल्या कराराला साक्षीदार नसतो. तो पत्रांवरून, भेटींवरून, कोण कोणाकडे उतरला यावरून वाचावा लागतो. पुरावा कायद्याचे दहावे कलम तर असे होते, की कट झाल्याचे मानायला वाजवी कारण दिसले, की समान हेतूसंबंधी एकाने उच्चारलेला वा लिहिलेला शब्द दुसऱ्याविरुद्ध वापरता येई. लेखकाने न सांगितलेला हेतू संहितेतून काढणे हा आपलाही उद्योग. आपण चुकलो तर फार तर परीक्षक गुण कापतो. तिथे एका खोलीत राहणे, रात्री गप्पा मारणे, पुस्तके देणेघेणे, या सगळ्याचा अर्थ आरोपपत्र ठरवते, आणि मैत्रीचा पुरावाही नेमका हाच असतो. वर्गात हेतूविषयी बोलताना मला अनेकदा वाटते, 'मित्रप्रेम' एखाद्या सरकारी वकिलाच्या हाती कशी वाचली जाईल?