एका नाण्याचा तह

‘सिव्हिलायझेशन ४’मध्ये ॲझ्टेकांचा माँटेझुमा शेजारी निघाला की बहुतेक खेळाडू आधी सैन्य वाढवतात. मी आधी त्याचा धर्म स्वीकारतो, तो खूश झाला की त्याच्यापुढे हात पसरतो आणि सोन्याचं एक नाणं मागतो. त्याने ते दिलं की पुढच्या दहा टर्नसाठी दोघांत सक्तीचा तह होतो. त्या काळात त्याला माझ्यावर चालून येताच येत नाही. नाण्याने माझ्या खजिन्यात काहीच फरक पडत नाही. मला हवे असतात ते दहा टर्न, कारण तेवढ्यात सीमेवरच्या शहराची तटबंदी उभी राहते.

हा गेम २००५चा, आणि तहाची ही खेळी २००७मधल्या ‘बियॉन्ड द स्वोर्ड’ या विस्तारातली. मी आजही तोच खेळतो, कारण त्यातले राजे आपला राग-लोभ फारसा लपवत नाहीत. राजाच्या नावावर कर्सर नेला की हिशेब समोर येतो: धर्म एक म्हणून इतके अधिक, सीमा भिडल्या म्हणून इतके उणे, त्याच्या वैऱ्याशी व्यापार केला म्हणून आणखी उणे. त्या बेरजेवरून संतापलेला ते जिवलग अशा पाच पायऱ्यांपैकी त्याची पायरी ठरते. गांधी किंवा मानसा मुसा नुसते खूश असले तरी निर्धास्त राहावं. माँटेझुमा मात्र खूश असतानाही युद्धाचे बेत आखू शकतो.

ते बेत ओळखायची एक खूण आहे. वाटाघाटीच्या पडद्यावर त्याला तिसऱ्याच कुणाशी लढायला सुचवून पाहायचं. तो कुणाशीही लढत नसताना ‘सध्या आमच्या हातात पुरेसं काम आहे’ अशा अर्थाचं उत्तर आलं, तर त्याची तयारी चालू आहे. कुणाविरुद्ध, ते तो सांगत नाही. एकदा हे उत्तर आलं की त्याला दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणून ते काम मी आधीच उरकतो. एखादी विद्या देऊन त्याला दूरच्या राजावर सोडतो. मग त्याच्या फौजा तिकडे गुंततात. ज्याच्यावर त्याला घातलं, त्याच्या मनात माझ्याविषयी अढी बसते, आणि ती किंमत मला रास्त वाटते.

दुसरी एक पळवाट मात्र मला मनापासून नावडते. वर्णमालेचा शोध लागला की विद्यांची देवाणघेवाण सुरू होते. एका राजाकडून गणित घ्यायचं आणि त्याच टर्नमध्ये, बाकीच्यांनी आपसात सौदे करायच्या आत, ते तिघांना विकून टाकायचं. प्रत्येक राजा आपल्यापुरता सौदा तोलतो. चौघांच्या सौद्यांतून मधला माणूस किती कमावतोय ते एकालाही दिसत नाही. काही काळाने ‘तुम्ही फार पुढे चालला आहात’ म्हणत ते हात आखडतात, पण तोवर डाव निकालात निघालेला असतो. वाचनालय बांधावं की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

गेमचे मुख्य डिझायनर सोरेन जॉन्सन यांचं ‘प्लेइंग टू लूज’ नावाचं एक व्याख्यान आहे. जिंकण्यासाठीच खेळणारा कॉम्प्युटर वेगळा आणि माणसाला खेळण्यात रस वाटावा म्हणून घडवलेला वेगळा, हा भेद त्यांनी त्यात मांडला. माझा कौल यावरूनच ठरला. माँटेझुमा भांडखोर आहे, इझाबेला धर्मासाठी मैत्री तोडते, टोकुगावा सीमा उघडत नाही. हे स्वभाव मुद्दाम घडवलेले आहेत. ते ओळखून नाणं मागणं हा खेळच आहे. एकमेकांचे सौदे न दिसणाऱ्या राजांना विद्या विकत फिरण्यात मात्र कुणाच्या स्वभावाशी गाठच पडत नाही.

‘बियॉन्ड द स्वोर्ड’मध्ये ‘नो टेक ब्रोकरिंग’ असा पर्याय आहे. तो चालू केला की स्वतः शोधलेलीच विद्या दुसऱ्याला देता येते. नवा डाव मांडाल तेव्हा तो चालू ठेवा.